तीनशे अश्वशक्तीची गाडी, इंदूरचे रस्ते आणि घरातली दुसरी चावी

रामबागकर (१ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७.१०)

सर्वांना नमस्कार. मी रामबागेत वाढलो आणि गेली बावीस वर्षे सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग साहित्याचा छोटा कारखाना चालवतो. या दिवाळीत कारखान्याचे शेवटचे कर्ज फिटले आणि लहानपणापासून मनात ठेवलेली एक इच्छा घरात प्रथमच मोकळेपणाने बोलून दाखवली. मला एक खरीखुरी स्पोर्ट्स कार चालवायची आहे. आमचे आजोबा होळकर दरबारच्या नोकरीत होते. महाराज यशवंतराव दुसरे यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मोटार मागवून तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली होती, ही गोष्ट ते आम्हाला माणिकबाग महालाच्या फाटकासमोर उभे करून सांगत असत. मोटारीचे वेड आमच्या घरात असे तेव्हापासून आहे.

माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, २०१८ सालची वापरलेली पोर्शे ७१८ केमन. एकोणीस हजार किलोमीटर चाललेली, महाराष्ट्रात नोंदलेली, मालक एकच. बासष्ट लाख मागत आहेत. दुसरा, कारखान्याच्या नावाने नवी बीएमडब्ल्यू एम३४०आय चार वर्षांच्या लीजवर. मी अठ्ठावीस वर्षे गाडी चालवतो आहे आणि आजवर माझ्या हातून मोठा अपघात झालेला नाही. परंतु दीडशे अश्वशक्तीहून अधिक ताकदीची गाडी मी कधीही चालवलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पैशांच्या बाजूने कोणता मार्ग शहाणपणाचा आहे आणि अशी गाडी इंदूरच्या परिसरात सुरक्षितपणे चालवायची म्हणजे नेमके काय करायचे, या दोन्ही बाबतींत जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

हिशेबनीस (१ नोव्हेंबर, सकाळी ९.३५)

अभिनंदन, रामबागकर. कर्ज फिटल्यावर इच्छेचा विचार करणारा उद्योजक भेटला की आमच्या व्यवसायातल्या माणसाला बरे वाटते.

लीजविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा आहे की ती स्वस्त पडते. लीजमध्ये गाडी लीज कंपनीच्या मालकीची राहते आणि आपण तिच्या घसरणाऱ्या किमतीचे, व्याजाचे व कराचे मासिक भाडे भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरचा अधिभार जाऊन एकच ४० टक्के जीएसटी लागू झाला आहे. तो आपण गाडी विकत घेतली तर एकदम भरतो. लीजवर घेतली तर प्रत्येक महिन्याच्या भाड्यावर भरतो. कारखान्याच्या नावाने घेतली म्हणून या कराची वजावट मिळेल, असे आपल्याला कोणी सांगितले असेल तर ते चुकीचे आहे. तेरापर्यंत आसनक्षमतेच्या प्रवासी गाडीवरची ही वजावट काही मोजके व्यवसाय सोडले तर कायद्यानेच अडवलेली आहे. आयकरात मात्र लीजचे भाडे व्यवसायासाठी झालेल्या वापराच्या प्रमाणात खर्च म्हणून दाखवता येते, आणि विकत घेतल्यास १५ टक्के दराने घसारा मिळतो. रविवारी पहाटे जानापावच्या टेकडीपर्यंत मारलेली चक्कर हा व्यवसायाचा वापर नव्हे, एवढे ध्यानात ठेवून हिशेब करावा.

करारातली चार कलमे वाचल्याशिवाय सही करू नका: वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा आहे आणि त्यापुढच्या प्रत्येक किलोमीटरला किती आकार आहे, मुदतीआधी गाडी परत केल्यास किती दंड आहे, परत करताना ओरखडे, रिम आणि टायर यांचे मोजमाप कोण व कसे करणार, आणि गाडी कोणी चालवायची, याविषयी काय लिहिले आहे. माझ्या एका अशिलाने चौथ्या कलमाकडे दुर्लक्ष केले आणि ते त्यांना बरेच महागात पडले. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तिसरे कलम विशेष जाचक असते, कारण रुंद रिमवरचा पातळ टायर आपल्या खड्ड्यांत दोन पावसाळे काढतो तेव्हा रिमची कड शाबूत राहत नाही.

वापरलेली गाडी घेतल्यास पहिल्या तीन-चार वर्षांची मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते, हा तिचा खरा फायदा आहे. परंतु महाराष्ट्राची गाडी इथे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे मध्यप्रदेशात नवी नोंदणी घ्यावी लागते. तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, नायता मुंडल्याच्या इंदूर आरटीओत कागद, इथला रस्ताकर पुन्हा, आणि तिथल्या कराच्या उरलेल्या मुदतीचा परतावा मागण्याचा खटाटोप, हे सारे बासष्ट लाखांच्या वरचे आहे. करासाठी ती गाडी वर्षानुवर्षे परराज्याच्या पाटीवरच फिरवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. तो ऐकू नका.

सुदामानगर (१ नोव्हेंबर, दुपारी १.२०)

मला विरोधी सूर लावावासा वाटतो आणि तो मनापासून लावतो आहे. ही गाडी चालवायची कुठे? एबी रोडवर सिग्नल, रिंग रोडवर ई-रिक्षा, बायपासवर रात्री बसलेली गुरे. राहता राहिला विमानतळाकडे जाणारा सुपर कॉरिडॉर. तिथे रात्री अकरानंतर मुले गाड्या पळवतात, आणि मेट्रोचे खांब उभे राहिले तरी तो प्रकार थांबलेला नाही. माझा मुलगा तिथल्या एका कंपनीतून रात्रपाळी करून दुचाकीवर परततो. माझ्या दृष्टीने प्रश्न आपल्या पैशांचा नाही. त्याच रस्त्यावरच्या माझ्या मुलाचा आहे.

पीथमपूरवाला (१ नोव्हेंबर, रात्री १०.०५)

सुदामानगर यांची काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तर आकड्यांतूनच द्यावे लागेल. मी पीथमपुरात वाहनांच्या सुट्या भागांच्या चाचणीचे काम करतो, त्यामुळे टायर आणि ब्रेक हे माझे रोजचे विषय आहेत.

कोरड्या डांबरावर उत्तम टायर असलेली गाडी जोरात ब्रेक लावल्यावर साधारण आठ मीटर प्रतिसेकंद वर्ग या दराने मंदावते, म्हणजे दर सेकंदाला तिचा वेग सेकंदाला आठ मीटरने घटतो, असे धरा. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो, असेही धरा. ताशी ८० किलोमीटरला ते दीड सेकंद ३३ मीटर खातात, त्यापुढे ब्रेकचे ३१ मीटर, म्हणजे एकूण ६४. ताशी १२० ला हीच बेरीज ११९ मीटर होते. ताशी १६० ला ती १९० मीटर होते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, आणि या नियमातून कोणतीही किंमत मोजलेली गाडी सुटलेली नाही. रात्री जवळच्या झोतात आपल्याला रस्ता साठ-सत्तर मीटरच नीट दिसतो. म्हणजे बायपासवर काळी म्हैस आडवी बसली असेल, तर ताशी १२० ने येणाऱ्याला ती दिसेल तेव्हा काही करण्याची वेळ निघून गेलेली असेल. अशा गाडीने रात्री वेग घ्यायचाच नाही, हा माझा स्वतःचा नियम याच गणितातून आलेला आहे.

आता केमनविषयी. हिचे दोन हजार सीसीचे टर्बो इंजिन चालकाच्या पाठीमागे, दोन्ही आसांच्या मध्ये असते. ३०० अश्वशक्ती मागच्या चाकांना मिळते आणि ३८० न्यूटन मीटरचा पूर्ण जोर इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्याही आधी हजर होतो. वजन मध्यभागी एकवटलेले असल्यामुळे ही गाडी वळणात फार तत्परतेने वळते. त्याच कारणाने, पकड सुटली तर ती तितक्याच तत्परतेने गरकन फिरते. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला की भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट बाहेर पडते. आपण अठ्ठावीस वर्षे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या चालवल्या असतील, तर आपल्या पायाला नेमकी ही सवय लागलेली आहे. एम३४०आय ३७४ अश्वशक्तीची असूनही तिची ताकद चारही चाकांना वाटली जाते, म्हणून ती नवख्याला अधिक सांभाळून घेते. कागदावरच्या अश्वशक्तीपेक्षा हा फरक अधिक महत्त्वाचा आहे.

सात वर्षांत एकोणीस हजार किलोमीटर हे ऐकून आपल्याला आनंद झाला असेल. मला पहिली शंका तिथेच आली. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ असे असेल तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. गुडघे टेकून, विजेरी लावून चारही टायरांचे आकडे स्वतः वाचा. काही वेळा ते आतल्या बाजूला असतात, मग गाडी उचलायला लावा. कमी चाललेल्या गाडीच्या टायरची नक्षी खोल दिसते, पण रबर उन्हाने आणि काळाने कडक झालेले असते आणि नखाने दाबले तर दगडासारखे लागते. अभिनेता पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात ज्या पोर्शे करेरा जीटीत शेजारच्या आसनावर बसून गेला, त्या गाडीचा वेग तपासात ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान निघाला. त्या रस्त्याची मर्यादा सुमारे ७२ होती आणि गाडीचे टायर नऊ वर्षांहून जुने होते. गाडी चालवणारा नवखा नव्हता.

ब्रेकच्या तेलाचीही अशीच गोष्ट आहे. ते हवेतला ओलावा शोषते. डीओटी ४ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. मानपूरचा घाट उतरताना वारंवार ब्रेक लावले आणि तेल उकळले, तर नळीत वाफ होते आणि पेडल कापसावर पाय ठेवावा तसे खाली जाते. गाडी चालो अथवा उभी राहो, दर दोन वर्षांनी हे तेल बदलायचे.

महूकरीण (२ नोव्हेंबर, सकाळी ६.५०)

पीथमपूरवाला दादांनी शेपूट बाहेर पडण्याविषयी जे लिहिले आहे, ते माझ्या बाबतीत घडलेले आहे. आजवर मी ते कुठे लिहिले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे मागच्या चाकांवर चालणारी, तीनशेहून अधिक अश्वशक्तीची गाडी होती. जूनचा दुसरा आठवडा होता. ओंकारेश्वराहून परत येताना भेरूघाटात त्या वर्षीचा पहिला पाऊस लागला. तोही धड पाऊस नव्हता, वायपरच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनी काच उलट मळकट व्हावी इतकाच शिडकावा होता. उन्हाळाभर ट्रकांनी सांडलेले डिझेल, टायरांची भुकटी आणि धूळ यांचा लेप पहिल्या पावसात साबणासारखा होतो, हे मला माहीत होते. डावीकडे वळणाऱ्या चढावर समोरून बस आली, तिने मधली रेषा जरा ओलांडली आणि मी पाय एकदम उचलला. ब्रेकला स्पर्शही केला नव्हता. पुढच्या क्षणी समोरच्या काचेतून रस्ता नाहीसा झाला आणि डोंगराचा लाल मुरूम दिसू लागला. सुकाणू मी फिरवले की त्याने मला फिरवले, हे आजही सांगता येत नाही. आम्ही डोंगराच्या बाजूच्या गटारात आडवे थांबलो. दुसऱ्या बाजूला दरी होती. यजमानांच्या गळ्याचे हाड मोडले. मला पट्ट्याचा काळानिळा वळ उठला होता, तो महिनाभर गेला नाही.

वेग किती होता, असे प्रत्येकाने विचारले. साठच्या आत होता.

पीथमपूरवाला (२ नोव्हेंबर, सकाळी ८.१५)

ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपल्या साठच्या आकड्याचा हिशेब इथे मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना तो अविश्वसनीय वाटणार नाही. पन्नास मीटर त्रिज्येचे वळण घाटात अगदी सामान्य असते. कोरड्या रस्त्यावर, मघाशी धरलेल्या आठच्या पकडीने, ते वळण जास्तीत जास्त ताशी ७२ किलोमीटरने घेता येते. तेलकट ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली की ही मर्यादा ५१ वर येते. म्हणजे एरवी पूर्णपणे सुरक्षित वाटणारा साठचा वेग त्या दिवशी मर्यादेच्या पलीकडे होता आणि पाय उचलल्याने मागच्या चाकांकडची उरलीसुरली पकडही गेली. स्थिरता नियंत्रण प्रणाली सुटू लागलेले एकेक चाक वेगळे ब्रेक करून गाडी सावरण्याचा प्रयत्न करते आणि पुष्कळदा सावरतेही, म्हणून ते बटण रस्त्यावर कधीही बंद करायचे नाही. परंतु रस्त्यातच पकड शिल्लक नसेल, तर ती प्रणाली ती कुठून आणणार?

महूकरीण (२ नोव्हेंबर, सकाळी ९.००)

रामबागकर, आपल्याला एक विचारायचे आहे, राग मानू नये. आपल्या घरात ही गाडी आणखी कोण चालवणार आहे?

रामबागकर (२ नोव्हेंबर, रात्री ११.४०)

राग मुळीच मानला नाही. उत्तर द्यायला दिवस लागला, कारण हा प्रश्न मी स्वतःपासूनही लपवून ठेवला होता. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. परवाना मिळून त्याला आठ महिने झाले. गाडीची गोष्ट निघाल्यापासून त्याने मित्रांना सांगून टाकले आहे आणि त्यातले दोघे-तिघे सुपर कॉरिडॉरवर रात्री जाणाऱ्यांपैकी आहेत, हे मला ठाऊक आहे. मी त्याला चावी देणार नाही, असे आज म्हणतो. पण मी कारखान्याच्या कामाने महिन्यातून चार-पाच रात्री बाहेर असतो आणि चावी घरातच असते.

सुदामानगर (३ नोव्हेंबर, सकाळी ७.३०)

मग कृपा करून घेऊ नका. मुलगा सज्ञान आहे, म्हणून अल्पवयीनाच्या पालकाला होणारी तीन वर्षांपर्यंतची कैद आणि पंचवीस हजारांचा दंड आपल्याला लागू होणार नाही. पण कायद्याने सोडले म्हणून मन सोडत नाही.

महूकरीण (३ नोव्हेंबर, सकाळी ७.५५)

काका, मी आपल्याशी अर्धीच सहमत आहे. गाडी न घेतल्याने मुलाची हौस संपणार नाही, ती मित्राच्या गाडीत जाऊन बसेल, आणि तिथे चालवणारा कोण असेल हे वडिलांना कळणारही नाही. रामबागकरांनी मुलाला घेऊनच शिकायला जावे. अपघातानंतर मी स्वतः ट्रॅकवरच्या प्रशिक्षणाला गेले आणि तिथे दोन दिवसांत जे कळले, ते वीस वर्षांच्या रस्त्याने शिकवले नव्हते.

हिशेबनीस (३ नोव्हेंबर, दुपारी १२.१०)

चावीचा विषय निघालाच आहे, तर विम्याची बाजू सांगून ठेवतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी आणि भाड्याने देणे हे वापर वगळलेले असतात. सुपर कॉरिडॉरवर दोन गाड्या एकमेकींशी पळाल्या आणि काही घडले, तर स्वतःच्या गाडीचा दावा फेटाळला जाण्याचा धोका आहेच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. स्वतःची गाडी ट्रॅकवर नेण्याआधीसुद्धा विमा कंपनीला लेखी विचारा. लीजची गाडी असेल तर ट्रॅकचा विचारच नको.

सात वर्षांच्या गाडीला विमा कंपनी किती विमित मूल्य, म्हणजे गाडी पूर्ण गेल्यास मिळणारी कमाल रक्कम, लावते, हे सौदा ठरण्यापूर्वी विचारा. पाच वर्षांनंतर हे मूल्य परस्पर संमतीने ठरते आणि बासष्ट लाखांना घेतलेल्या गाडीचे पॉलिसीतले मूल्य चाळीस असेल, तर मधले बावीस लाख आपल्या जोखमीवर फिरत असतात.

अनेक जण विचारतात की आधी काही दिवस भाड्याने घेऊन पाहावी का. अवश्य पाहावी, पण स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची कोणाची तरी गाडी पैसे देऊन घेतलीत, तर वर सांगितलेला भाड्याचा अपवाद आपल्यालाच लागेल.

पीथमपूरवाला (३ नोव्हेंबर, रात्री ९.२०)

आमच्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्सवर, म्हणजे राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्रावर, गाडी नेता येईल का, असे मला खासगी निरोपात तिघांनी विचारले आहे. तिथली ११.३ किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली. चार मार्गिका, सोळा मीटर रुंदी आणि तिच्या कलत्या वळणांवर ताशी अडीचशेने जाताना चालकाला सुकाणू धरून ठेवावे लागत नाही, अशी तिची रचना आहे. इंदूरच्या माणसाला तिचा अभिमान वाटावा, अशीच ती आहे. परंतु ते चाचणीचे केंद्र आहे. आपण रविवारी फाटकावर जाऊन आत जाऊ शकत नाही. शिकण्यासाठी चेन्नई किंवा कोइमतूर गाठा. खर्च होईल, पण तो पुढच्या टायरांच्या एका जोडीहून फार जास्त नसेल.

रामबागकर (१० जानेवारी २०२६, सकाळी ११.००)

दोन महिन्यांनी परत लिहितो आहे. मध्ये ज्यांनी विचारपूस केली, त्यांचा मी ऋणी आहे.

डिसेंबरमध्ये मी आणि मुलगा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथल्या ट्रॅकवर दोन दिवसांच्या वर्गाला गेलो. त्याला न्यायचे ठरले तेव्हा तो माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता, कारण चावी मिळणार नाही हे त्याच वेळी मी सांगितले होते. पहिला पूर्ण तास बसायला शिकण्यात गेला. पाठ आसनाला टेकलेली असताना मनगट सुकाणूच्या माथ्यावर पोहोचले पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मी अठ्ठावीस वर्षे चार बोटे मागे बसत होतो. नंतर आणीबाणीचा ब्रेक. माझी समजूत होती की मी जोरात ब्रेक लावतो. प्रशिक्षकांनी शेजारी बसून तीन वेळा "अजून" म्हटले, तेव्हा कुठे पायाखाली एबीएसचा, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या प्रणालीचा, थरथराट आला. त्याआधी दर वेळी माझी गाडी समोर अडथळा म्हणून ठेवलेल्या शंकूंना धडकली. ओल्या केलेल्या पट्टीवर गाडी फिरू लागली की नजर जिथे जायचे तिथे ठेवायची आणि हात नजरेमागे जाऊ द्यायचे, हे ऐकायला सोपे वाटते. माझी नजर दर वेळी शंकूकडेच गेली आणि गाडीही शंकूकडेच गेली. मुलगा चार वेळा पूर्ण गोल फिरला, पाचव्या वेळी त्याने सावरली. परतीच्या विमानात त्याने महूकरीण ताईंचा वरचा मजकूर माझ्या फोनवर वाचला आणि बराच वेळ फोन हातात धरून बसला. चावीचा विषय त्यानंतर त्याने काढलेला नाही. तो मिटला आहे, असे मी समजत नाही.

लीजच्या करारातल्या किलोमीटरच्या आणि परतीच्या अटी वाचून मी तो विचार सोडला. केमन पाहायला मात्र स्वतंत्र तपासनीस बरोबर नेला. इंजिनाच्या संगणकातून ते मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले याची नोंद काढली. ती स्वच्छ होती. रंगाची जाडी मोजणारे यंत्र सर्व पत्र्यांवर फिरवले; पुढचा बंपर एकदा रंगवलेला निघाला, खालची कड गतिरोधकांवर घासलेली होती. आणि टायर! मागचे दोन्ही १२१८, पुढचे १११८, चारही मूळचे. नक्षी नव्यासारखी आणि बगलेला केसांसारख्या बारीक भेगा. मालक सज्जन होते, त्यांनाही याची कल्पना नव्हती. ते याच टायरांवर पुणे-मुंबई करत होते. ब्रेकचे तेल शेवटचे २०२१ मध्ये बदललेले होते. चार नवे टायर, तेल आणि बंपर यांचे पैसे वजा करून सौदा सत्तावन्नला झाला. नव्या टायरांवर वाय हे वेगाचे अक्षर मागून घेतले. ते ताशी ३०० पर्यंतचे आहे आणि तो वेग माझ्या आयुष्यात येणार नाही; पण कंपनीने या वजनाला व या ब्रेकना जो टायर ठरवला, तोच घेतला. ना-हरकत दाखला आला आहे, नायता मुंडल्याच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत, तिसरी सोमवारी आहे.

दुसरी चावी माझ्या आईच्या कपाटात, तिच्या दागिन्यांच्या डब्यात आहे. मी गावाला जातो तेव्हा पहिलीही तिथेच जाते. आईने ही जबाबदारी फार गंभीरपणे घेतली आहे. परवा मीच रात्री चावी मागितली तर कारण विचारले आणि सकाळी दिली. मुलाबरोबर असे ठरले आहे की वर्षभर तो शेजारच्या आसनावर बसेल, घरची जुनी गाडी चालवेल आणि पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघे पुन्हा चेन्नईला जाऊ. त्यानंतर प्रशिक्षक काय म्हणतात, ते पाहू.

सुदामानगर काका, सुपर कॉरिडॉरवर ही गाडी दिवसा विमानतळाकडे जाताना दिसेल, तीही साठने. आपल्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

सुदामानगर (१० जानेवारी, दुपारी ४.४५)

सांगितला. आपल्या मातोश्रींनाही माझा नमस्कार सांगा. त्यांच्यावर माझा अधिक विश्वास बसला आहे. गाडी एकदा पाहायला येईन.

पीथमपूरवाला (१० जानेवारी, रात्री ८.३०)

सौदा उत्तम झाला. एकच विचारतो, पहाटे किती वाजता काढता? सध्या इंदूरात पहाटे पारा आठ-दहा अंशांवर असतो. आपण घेतलेले टायर उन्हाळी रबराचे आहेत आणि थंडीत ते आपली पकड बरीच गमावून बसतात. हवा टायर थंड असतानाच, दारावरच्या पट्टीवरील आकड्याप्रमाणे, पुढची व मागची वेगवेगळी भरा. पहिले दहा-पंधरा किलोमीटर वळणात जोर लावू नका, आणि नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर गुळगुळीत असतात, तोवर तर मुळीच नको.

रामबागकर (१० जानेवारी, रात्री ९.१५)

पाच वाजता काढत होतो, रस्ता मोकळा मिळतो म्हणून. उद्या महूपर्यंत जायचे आहे. साडेसातला निघेन, हवा आज रात्रीच, गाडी थंड आहे तोवर, मुलाकडून तपासून घेतो.